मानेतला पासंग

सकाळी सहा

मणक्याच्या संधिवाताचा माणूस पहाटे पाहावा. अकरा वाजता तो दवाखान्याच्या पायऱ्या चढून येतो, तोवर त्याचं अंग मोकळं झालेलं असतं. गरम पाण्याची आंघोळ झालेली असते, अंगणात चार फेऱ्या मारून झालेल्या असतात. मग तो चांगला दिसतो, आणि चांगला दिसतो म्हणून घरचे त्याला आळशी म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट. त्यामुळे पेशंट जालना शहरातला असला की मी एकदा तरी त्याच्या घरी जाते, तो अंथरुणात असतानाच.

आज कुंडलिकेचा पूल ओलांडून जुन्या जालन्यात. एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला असलेला तिशीतला माणूस. दार त्याच्या बायकोनं उघडलं. "चार वाजल्यापासून जागे आहेत, ताई. उठू लागत नाहीत."

तो कॉटवर उताणा पडला होता. डोक्याखाली दोन उशा. मी उजवीकडून आत शिरले तर आधी त्याचे डोळे वळले, मग खांदा, मग कमरेसकट सगळं अंग. मान होती तशीच राहिली. उठायची वेळ आली तेव्हा त्यानं एक हात डोक्यामागं घातला आणि स्वतःचं डोकं तळहातानं उचलून धरलं. ही खूण मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. मानेच्या पुढच्या खोल स्नायूंनी काम सोडलं की माणूस हातानं डोकं उचलायला लागतो, आणि आपण असं करतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मी त्याला पुन्हा झोपवलं आणि कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपरावर रेटा देत उठायला शिकवलं. दुसऱ्या खेपेला डोक्यामागचा हात सुटला. आई दारात उभी होती. "रात्रभर मोबाईल बघतो, म्हणून मान धरती," म्हणाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून त्यांना एक काम दिलं: जाग किती वाजता आली आणि अंग किती वाजता मोकळं झालं, एवढं आठवडाभर कॅलेंडरवर लिहायचं. कामानं अंग दुखलं तर आरामानं बरं वाटतं. इथं उलटं आहे. आरामानं आखडतं आणि हालचालीनं सुटतं. रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्यानं जाग येते. सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त टिकतो. 'पडून राहा, आराम कर' हा सल्ला गावातला प्रत्येक जण मायेनं देतो, आणि या एका आजारात तोच सल्ला माणसाला वाकवतो.

उशांचं काम नाजूक असतं. दोन्ही काढून एकदम सपाट झोपवलं तर वाकलेल्या मानेचं डोकं गादीला टेकतच नाही, अधांतरी राहतं आणि रात्रभर ओढ बसते. म्हणून मी आधी डोक्यामागची पोकळी हातानं पाहते आणि तेवढ्याच जाडीची चादरीची घडी ठेवते. महिन्या-दोन महिन्यांनी त्या घडीतला एक पदर कमी करायचा. शिवाय रोज पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं, जमत असेल तर. त्याला आज पाच मिनिटं जमलं. तेवढं पुरे.

साडेसात

परत येताना रात्रपाळी सुटलेली असते. मोटारसायकलींच्या रांगा, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मान न वळणारा माणूस गाडी चालवतो तेव्हा तो मागचं पाहत नाही, पाहिल्यासारखं करतो. माझ्या पेशंटांना माझी ताकीद आहे: दोन्ही आरसे, मोठे, आणि वळायच्या आधी थांबायचं. ज्याची मान दोन्हीकडे थोडीशीही वळत नाही त्यानं मागं बसावं. यावर वाद होतात. गाडी सुटली की रोजगार सुटतो असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण फाट्यावर ट्रकला आपली अडचण ठाऊक नसते.

दहा

दवाखाना उघडला. पहिला तास गुडघे, पक्षाघात, आखडलेला खांदा, प्लॅस्टर काढलेलं मनगट. जालन्याच्या फिजिओथेरपिस्टचं पोट यावरच चालतं.

अकरा

घनसावंगी तालुक्यातून बापलेक आले. पहाटेची एसटी धरून. मोसंबीचा बाग, मुलगा सव्वीस वर्षांचा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि एमआरआयची जाडजूड फाईल. फाईल वाचली की या आजाराची आपल्याकडची सगळी वाट दिसते. एकोणिसाव्या वर्षी कंबर दुखायला लागली, कधी डावा कुल्ला, कधी उजवा. एकानं गादी सरकली म्हणून पट्टा दिला. एकानं इंजेक्शनं दिली, त्यानं दोन महिने छान गेले. मध्ये एका हाडवैद्यानं कंबरेवर पाय देऊन 'नस मोकळी' केली. सात वर्षांनी मान धरली तेव्हा छत्रपती संभाजीनगरला संधिवाताच्या डॉक्टरांनी माकडहाडाच्या वर, कमरेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या सांध्यांचा एमआरआय करायला सांगितला आणि नाव सापडलं: अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. गोळ्या सुरू झाल्या. चिठ्ठीवर शेवटची ओळ होती, 'मानेचे व्यायाम, नियमित'.

पहिला त्रास आणि निदान यांत इतकी वर्षं जाणं हे एकट्या जालन्याचं दुखणं नाही, जगभर असंच होतं. पण खेड्यात ते जास्त लांबतं, कारण खेड्यात सांधेदुखी हा आजार मानतच नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसांना हाडा-सांध्यांच्या दुखण्याबद्दल विचारलं. आपल्या ग्रामीण भागात अशा दुखण्यांचं ओझं किती आहे हे त्या कामानं कागदावर आणलं. मराठवाड्यातही असं कोणीतरी दारोदार फिरायला हवं, असं मला फार वाटतं.

मोजमाप भिंतीपाशी सुरू होतं. टाचा आणि पाठ भिंतीला, हनुवटी आडवी, आणि कानाच्या भोकापुढचा जो छोटा उंचवटा असतो तिथपासून भिंतीपर्यंत टेप. पंधरा सेंटिमीटरच्या आत असावं. त्याचं अठरा भरलं. मान वळणं: निरोगी तरुणाची सत्तर अंशांच्या पुढं जाते, त्याची उजवीकडे पन्नास, डावीकडे चाळीस. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या संधिवात रुग्णालयात १९९४ साली या मापांची एक पद्धत बसवली गेली, तीच आज सगळीकडे वापरतात. त्यात कोन मोजायचं गोनिओमीटर आणि शिंप्याचा टेप एवढंच लागतं. छातीचा घेरही मी श्वास पूर्ण सोडून आणि पूर्ण भरून मोजते. फरक अडीच सेंटिमीटरच्या खाली गेला की बरगड्या जिथं मणक्यांना जोडलेल्या असतात तिथंही आजार पोचला असं धरून चालायचं आणि श्वासाचे व्यायाम त्याच दिवशी सुरू करायचे.

मग मी डोक्याच्या पट्ट्याला बसवलेलं छोटं लेझर काढलं.

खुर्ची भिंतीपासून नव्वद सेंटिमीटरवर. भिंतीवर एकात एक वर्तुळं काढलेला कागद. लेझरचा लाल ठिपका बरोबर मधोमध येईल असा कागद सरकवून घेतला. "आता डोळे मिटा. मान सावकाश उजवीकडे न्या, जेवढी सहज जाईल तेवढीच. आता परत मध्यावर या. आलात की सांगा."

त्यानं मान नेली, आणली. "आलो."

ठिपका मधल्या वर्तुळाच्या डावीकडे होता. मी पेन्सिलीनं खूण केली, त्याचे डोळे मिटलेलेच ठेवून डोकं हातानं पुन्हा मध्यावर आणलं आणि दुसऱ्यांदा सांगितलं. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही. डावीकडून परत येताना चूक कमी होती, वर पाहून खाली येताना सगळ्यात जास्त. सगळं झाल्यावर मी त्याला डोळे उघडायला लावले. खुणा पाहून तो गोंधळला. "मॅडम, मी मधीच आलो होतो."

नव्वद सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे भिंतीवर साधारण दीड सेंटिमीटर. सात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साडेचार अंशांपर्यंतची चूक आम्ही चालवून घेतो. या मुलाची सरासरी त्या मर्यादेच्या बरीच पुढं होती. ही चाचणी फ्रान्समध्ये रेवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. तेव्हा त्यांच्यापुढं साध्या मानदुखीची माणसं होती. मणक्याच्या संधिवातात मी ती जपून वापरते. टोकापर्यंत मान न्यायला लावत नाही, आणि आधी एक्स-रे पाहिल्याशिवाय तर हातच लावत नाही.

बाप इतका वेळ कोपऱ्यात बसून होता. उठला, कागदाजवळ गेला, खुणांवर बोट ठेवत म्हणाला, "म्हंजे तराजूत पासंग हाय."

मोंढ्यात आयुष्यभर माल मोजलेल्या माणसानं माझं अर्ध्या तासाचं भाषण एका वाक्यात सांगितलं. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर नसेल तर पुढं जे जे तोलाल ते चुकतं, आणि तोलणाऱ्याला ते कळत नाही. या मुलाची मान दुखते, आखडते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण तिचं 'मध्य'च सरकलंय हे कोणी पाहिलं नव्हतं. तो आरशाशिवाय सरळ बसायला गेला की थोडा पुढं आणि थोडा डावीकडे बसतो, आणि त्याचं शरीर त्याला सांगतं, बरोबर आहे.

एक

डबा खाता खाता बापलेकांना हे समजावून सांगितलं. त्यांनी त्यांच्या भाकरीतली अर्धी मला दिली.

आपलं डोकं कुठं आहे हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं: डोळ्यांतून, आतल्या कानातून आणि मानेतून. कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला बोटाएवढे स्नायू असतात. ताकदीच्या हिशेबात ते काहीच नाहीत. पण किती ताणलो आहोत हे कळवणारे सूक्ष्म तंतू त्यांच्यात इतके दाट भरलेले असतात की शरीरातल्या मोठ्या स्नायूंत ग्रॅममागे तेवढे सापडत नाहीत. मानेच्या बाजूच्या स्नायूवर कंप देणारं यंत्र धरलं तर अंधारात समोरचा स्थिर दिवा सरकल्यासारखा दिसतो, हे प्रयोगात दाखवलेलं आहे. दिवा हललेला नसतो. मानेनं चुकीची बातमी दिलेली असते.

आता या आजारात काय होतं ते पाहा. स्नायूबंध आणि अस्थिबंध हाडाला जिथं चिकटतात तिथंच दाह होतो. दुखतं म्हणून खोल स्नायू मागं हटतात आणि वरवरचे मोठे स्नायू ताठ होऊन मान धरून ठेवतात. सांधा हलेनासा झाला की त्याच्याकडून येणाऱ्या बातम्याही कमी होतात. डोकं महिनोन्महिने पुढं राहिलं की मागचे छोटे स्नायू आखडलेल्या लांबीलाच नेहमीची लांबी समजायला लागतात. दाह गोळ्यांनी कमी होतो, तो व्हायलाच हवा; पण सरकलेलं मध्य गोळीनं जागेवर येत नाही. ते शिकवावं लागतं. माझं सगळं काम या एका वाक्यात आहे.

मुलानं विचारलं, जुळलेली हाडं सुटतील का. नाही. जिथं हाडाचा पूल झाला तिथं व्यायामानं हालचाल परत येत नाही, आणि जो तसं सांगतो त्याच्यापासून दूर राहा असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याच्या मानेचे सांधे अजून जुळलेले नाहीत. म्हणून तर घाई.

दोन

त्याला चारच्या गाडीनं परत जायचं होतं, म्हणून दुपारी लोक पेंगतात त्या वेळी आम्ही व्यायामाला बसलो.

पहिला इतका साधा की पेशंटांना फसवल्यासारखं वाटतं. उताणं झोपून 'हो' म्हणतो तेवढीच हनुवटी आत घ्यायची. डोकं उचलायचं नाही, दाबायचं नाही. ब्लड प्रेशरच्या यंत्राचा पट्टा घडी करून मी मानेखाली ठेवते आणि वीस मिलिमीटरपर्यंत हवा भरते. काटा बावीसवर न्यायचा आणि दहा सेकंद तिथंच धरायचा. जमलं तर चोवीस, असं करत तीस. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांनी बसवलेली ही पद्धत आहे. त्यांचं यंत्र वेगळं आणि महाग, माझा पट्टा औषधाच्या दुकानातला. पोरानं पहिल्याच झटक्यात काटा चाळीसवर नेला. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. याचा अर्थ खोल स्नायूंऐवजी मोठे स्नायू धावून आले. मी दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली आणि म्हटलं, इथं मऊ राहिलं पाहिजे, काटा कमी हलला तरी चालेल. पाच-सहा प्रयत्नांनंतर काटा बावीसवर थरथरत थांबला. कपाळावर घाम आला होता. सळई उचलणारा माणूसही इथं घामाघूम होतो.

दुसरा डोळ्यांचा. मान स्थिर ठेवून अंगठ्याच्या मागं डोळे फिरवायचे. मग अंगठा स्थिर, डोळे अंगठ्यावर आणि मान सावकाश दोन्हीकडे. हे बसून, मग उभं राहून, मग एका पावलापुढं दुसरं पाऊल ठेवून. चक्कर आली तर थांबायचं आणि मला सांगायचं.

तिसऱ्याला पोरांचे डोळे चमकतात. लेझर डोक्याला लावून भिंतीवरच्या रेघेवरून ठिपका चालवायचा. आधी आडवी रेघ, मग इंग्रजी आठचा आकडा, मग अक्षरं. माझ्या भिंतीवर मोठा 'श्री' आहे. ज्या बायका शाळेत गेलेल्या नाहीत त्यांच्यासाठी ठिपक्यांची रांगोळी आहे, आणि त्या शिकलेल्या पुरुषांपेक्षा लवकर पुढं जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. वेग महत्त्वाचा नाही. ठिपका रेघेवरून उतरला की लगेच दिसतं. मानेला तिची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं हेच औषध. शेवटी डोळे मिटून मध्यावर यायचं, उघडून पाहायचं, ठिपका कुठं पडला ते बघून दुरुस्त करायचं. रेवेल यांच्या गटानं १९९४ मध्ये जुन्या मानदुखीच्या रुग्णांवर डोळे-मान यांच्या या मेळाचा कार्यक्रम वापरून पाहिला, तेव्हा चूकही कमी झाली आणि दुखणंही. माझ्याकडे येणाऱ्या मणक्याच्या संधिवाताच्या ज्या लोकांनी हे चिकाटीनं केलं त्यांच्या कागदावरच्या खुणा मधल्या वर्तुळाकडे सरकलेल्या मी पाहिल्या. मान फार वळायला लागली असं नाही. पण जेवढी वळते तेवढी ते न घाबरता वळवतात, आणि दारातून जाताना खांदा चौकटीला आपटत नाही.

चौथा भिंतीला टेकून उभं राहण्याचा. तो घरी कोणीही करू शकतं.

किती वेळ? सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं. सकाळी गरम पाण्याच्या आंघोळीनंतर. दुखणं उसळलं तर हालचाल छोटी करायची, बंद करायची नाही. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी ताठरपणा वाढला तर कालचं जास्त झालं असं समजायचं. हाताला मुंग्या, पकड सैल, चालताना तोल जाणं, लघवीचा ताबा सुटणं यातलं काहीही झालं तर व्यायाम थांबवून थेट डॉक्टर; कारण या आजारात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधली जोडणी कधी कधी ढिली होते आणि तिथं मज्जारज्जू शेजारीच असतो.

बापानं लेझरची किंमत विचारली. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तेच, फक्त डोळ्यांवर मारायचं नाही आणि लहान पोरांच्या हाती द्यायचं नाही. ते नाही मिळालं तर टोपीला काडी बांधून तिच्या सावलीनंही काम भागतं.

सव्वाचार

भोकरदन तालुक्यातल्या ताई आल्या. कापूस वेचणीचे दिवस आहेत, त्यामुळे येणं अवघड; तरी आल्या. हा आजार पुरुषांचा असं कित्येक वर्षं पुस्तकांतही लिहिलेलं असे. त्यामुळे बाईची कंबर दुखली की बाळंतपण, पांढरं पाणी, अशक्तपणा असा सगळा शोध होतो आणि मणक्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. यांची मान आणि खांदे दोन्ही धरलेले. वेणी घालायला हात कसाबसा वर जाई, पण मान पुढं झुकत नसे, म्हणून मुलगी वेणी घालून देई. आज त्यांनी स्वतः घातली होती. मी ती वेणी मागून पाहिली, वाकडी होती, आणि मला फार आनंद झाला.

डोक्यावर ओझं मात्र नाही. पाण्याचा हंडा नाही, कापसाचं गाठोडं नाही. "मग कोण नेईल?" हा प्रश्न खरा आहे. त्यांच्या नवऱ्याला मी बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं. ढकलगाडी, सायकल, काहीही. एका गाठोड्याची दोन करा आणि हातात धरा.

त्यांची दुसरी काळजी धाकट्या बहिणीची. तिचं लग्न ठरतंय आणि कोणीतरी सांगितलं की हिचंही बी२७ तपासून घ्या. एचएलए-बी२७ या खुणेचा या आजाराशी संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या दोन गटांनी दाखवला. पण ज्यांच्या रक्तात ती आहे त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. काही त्रास नसलेल्या मुलीची ही तपासणी करून तिच्या कपाळी शिक्का मारू नका, असं मी ठणकावून सांगितलं. तिची कंबर पहाटे दुखते का, एवढंच विचारा.

साडेपाच

फोन. जुना पेशंट, रोलिंग मिलमधला. "मॅडम, डोळा लाल झाला, उजेड सहन होत नाही. मेडिकलमधून थेंब घेऊ का?" नाही. या आजाराच्या दर चार माणसांतल्या एकाला तरी कधी ना कधी डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह होतो. तो धुळीनं येत नाही, ठिणगीनं येत नाही. वेळ घालवला तर नजर जाऊ शकते. आपल्या गावात श्री गणपती नेत्रालयासारखं रुग्णालय असताना मेडिकलवाल्याचे थेंब कशाला? आजच जा, आणि केसपेपरवर मणक्याचा आजार आहे हे पहिल्या ओळीत सांगा. रात्री त्याचा मेसेज आला, औषध सुरू झालंय.

साडेसहा

गच्चीवर संध्याकाळचा गट. गट एकत्र आला की व्यायाम चुकत नाही, हे मला औषधाइतकं महत्त्वाचं वाटतं. एकमेकांच्या ठिपक्यांवर बोलणं होतं, एकमेकांच्या बिडी-तंबाखूचा विषय निघतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक शिफारशींतही नियमित व्यायाम आणि धूम्रपान बंद या दोन्ही गोष्टी औषधांच्या बरोबरीनं सांगितलेल्या आहेत. बिडी सोडायला सांगितली की माणसं हसतात. गटातल्यानं सांगितली की ऐकतात.

आज विषय निघाला कटिंगच्या दुकानाचा. दाढी-कटिंग झाली की डोक्याला चंपी, आणि शेवटी हनुवटी धरून दोन्हीकडे कडकन मान मोडायची. गिऱ्हाईकाला ते आवडतं, कारागीर मायेनं करतो. पण दाहानं ठिसूळ झालेला, जागोजागी जुळलेला कणा लांब हाडासारखा एकसंध होतो आणि थोड्या झटक्यानं सरळ आडवा मोडू शकतो. आणि आत मज्जारज्जू असतो. गटातल्या सगळ्यांना मी सांगितलं आहे की खुर्चीत बसतानाच सांगायचं, मान मोडू नका. आमच्या गल्लीतल्या दुकानातला भाऊ आता स्वतःच विचारतो, मान-कंबरेचं काही आहे का.

पडण्याचंही तसंच. या माणसांना पडल्यावर मानेत नवीन कळ आली तर ती मोडलेली आहे असंच धरायचं, एक्स-रे साधा असला तरी सीटी स्कॅन होईपर्यंत. आणि घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची, जी मी प्रत्येक कुटुंबाकडून पाठ म्हणून घेते: १०८ ला फोन करा, पण अँब्युलन्स आल्यावर वाकलेली मान सपाट करू देऊ नका. रोज जशी वाकलेली असते तशीच ठेवून, डोक्याखाली चादर घालून न्या. सांगा, 'यांची मान अशीच आहे.' चांगल्या हेतूनं सरळ केलेल्या मानेनं माणूस लुळा पडू शकतो.

रात्री नऊ

दिवसाच्या नोंदी. ठिपक्यांचे कागद तारखेसह फाईलला. पैशाचे प्रश्न याच वेळी येतात, फोनवर. दाह आटोक्यात येत नसेल तर इंजेक्शनं लागतात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या झायडसनं अशाच एका इंजेक्शनाचं, ॲडालिमुमॅबचं, जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच प्रत, आपल्याकडे आणलं, तेव्हापासून किमती उतरल्या. तरी शेतकऱ्याच्या घराला त्या आजही जड आहेत. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, आपल्या भागात तर टाळायचीच नाही, कारण दडून बसलेला क्षय या औषधानं उठतो. मी औषध देत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण इंजेक्शन परवडलं आणि दुखणं थांबलं म्हणून व्यायाम सोडलेले लोक माझ्याकडे वाकून परत येतात. दुखत नसताना मान शिकवणं सगळ्यात सोपं असतं.

जालना, परभणी, बीड, बुलढाणा, जिथं कुठं हे वाचलं जात असेल तिथल्या घरांना माझी विनंती आहे. घरात पंचेचाळीसच्या आतला कोणी असेल, ज्याची कंबर किंवा मान तीन महिन्यांहून जास्त दुखते, पहाटे जास्त दुखते, आणि हललं-फिरलं की मोकळी होते, त्याला आळशी म्हणू नका, पट्टा बांधू नका, कोणाकडून मान-कंबर मोडून घेऊ नका. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. भिंतीला टाचा लावून उभं करा आणि डोकं भिंतीला टेकतं का ते पाहा. टेकत नसेल तर याच आठवड्यात जा.